टिटवीची पितळी पिन

सुचित्राबाई चिडल्या, ही यवतमाळात बातमी होत नाही. त्यांनी नेरच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेही रोज यवतमाळहून एसटीनं जाऊन-येऊन. त्यामुळे या पट्ट्यातले निम्मे दुकानदार, बरेचसे वायरमन आणि एक-दोन डॉक्टरसुद्धा त्यांचे विद्यार्थी, आणि त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटलेला ऐकलेला आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी चौकात त्या दिसल्या की चाळिशीतले बाप्ये हातातली सिगारेट पाठीमागे लपवतात.

पण या फाल्गुनात त्या जशा चिडल्या तशा कधीच चिडल्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. निदान सुरुवातीला तरी.

भांडण बोटीचं होतं. सुचित्राबाईंची बोट आहे. होय, यवतमाळ जिल्ह्यात. बारा फुटी, प्लायवूडची, एका डोलकाठीची आणि एका शिडाची. नाव टिटवी. शहरापासून तासाभरावर एक धरण आहे, त्याच्या पाण्यावर ती बावीस वर्षं फिरते आहे. बाई नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत होत्या. तिथे तलावावर त्यांना शिडाचं जे वेड लागलं ते नोकरी, संसार, मुलाचं शिक्षण या सगळ्यातून टिकून राहिलं. टिटवी त्यांनी सुताराच्या उरावर बसून बांधून घेतली, शीड घरच्या मशीनवर स्वतः शिवलं.

त्यांचे यजमान चारुदत्तराव भूमी अभिलेख कार्यालयात होते. माणूस सज्जन, हात कमालीचा बारीक आणि नेटका, पण पाण्याला इतके भ्यायचे की गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांना रामरक्षा आठवायची. बाई पाण्यात, आणि राव काठावरच्या पळसाखाली सतरंजी टाकून, पेपर आणि चहाचा थर्मास घेऊन बसलेले, असे त्यांचे रविवार जायचे. तीन वर्षांपूर्वी राव गेले.

तेव्हापासून जो भेटतो तो हळवं होऊन विचारतो, "साहेबांची आठवण म्हणून ठेवली का हो बोट?"

इथे बाईंचं डोकं फिरतं. साहेब जन्मात त्या बोटीत बसले नाहीत. पण बाई आणि बोट असं दिसलं की लोकांना मधे एक साहेब लागतोच. शिडाचे दोर विकणारा विचारतो, साहेब कुठे आहेत. डोलकाठीला वार्निश देणारा विचारतो, साहेबांना कुठला रंग आवडायचा. आणि या सगळ्यांवर कडी केली धरणाच्या कचेरीनं.

बोट पाण्यात ठेवायला परवानगी लागते. बावीस वर्षांपूर्वी तिथल्या कारकुनानं "साहेबांच्याच नावानं करून टाकू ना मॅडम, सोपं जाते" म्हणून परस्पर चारुदत्तरावांचं नाव लिहून टाकलं होतं. शाळेची एसटी पकडायच्या घाईत बाईंनी तेव्हा ते सोडून दिलं, आणि त्याचा पश्चात्ताप त्यांना आजवर होतो. ती परवानगी या मार्चअखेर संपत होती.

"तुम्ही वारस म्हणून अर्ज करा मॅडम," आताचा कारकून म्हणाला.

"कशाची वारस?"

"बोटीची."

"बोट माझीच आहे."

"हो ना, आता तुमचीच झाली."

बाईंनी त्याला काय ऐकवलं ते शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी नंतर बरेच दिवस एकमेकांना सांगितलं. तरी अर्ज करावा लागलाच. वर एक नवी अट आली. नवीन नावानं परवानगी द्यायची तर बोटीची तपासणी होणार, होळीच्या आधीच्या सोमवारी. मोटर लावून काठापासून पाणी मोजायच्या पांढऱ्या खांबापर्यंत जायचं आणि मोटरीवरच परत यायचं. जमलं नाही तर परवानगी रद्द, आणि टिटवी कायमची पाण्याबाहेर.

मोटर! शिडाच्या बोटीची परीक्षा मोटरीवर! पोहणाऱ्याला सायकल चालवून दाखव म्हणावं, तसला प्रकार. बाईंकडे मोटर होती, नाही असं नाही. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची, अडीच हॉर्सपॉवरची, नागपूरहून जुनी घेतलेली. मधेच वारा पडला तर काठाला येण्यापुरती ती लागायची, आणि तेवढ्यातही फुरफुर करून बाईंच्या शिव्या खायची. पण आता टिटवीचा जीव त्या फुरफुरीवर अडकला होता.

हिवाळाभर बंद असलेली बोट पाण्यात उतरवायची तयारी बाई दरवर्षी महाशिवरात्रीनंतर सुरू करतात. काठावरच्या तांड्यातल्या भावसिंगच्या छपरात बोट उलटी घालून ठेवलेली असते. भावसिंग मासेमारी करतो, बाईंच्याच वयाचा आहे आणि त्यांना याडी म्हणतो, म्हणजे आई. बाईंना हे अजिबात मान्य नाही आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. यंदाही दोघांनी ताडपत्री काढली, आत गांधीलमाशांनी केलेलं पोळं धुरानं उठवलं, तळ घासला, उंदरांनी कुरतडलेल्या शिडाला ठिगळ लावलं. मोटर मात्र बाईंनी भावसिंगच्या हाती दिली नाही. ती गाडीच्या डिकीत घालून त्या शहरालगतच्या लोहारा गावी, औद्योगिक वसाहतीतल्या मारोतीच्या वर्कशॉपात घेऊन गेल्या.

मारोती मूळचा नेरचा, त्यांचाच विद्यार्थी, आता त्रेचाळीस वर्षांचा. फवारणीचे पंप, रोटाव्हेटर, पाण्याच्या मोटरी, जे मोडतं ते तो जोडतो. आणि असं जोडतो की पुन्हा मोडत नाही, अशी त्याची ख्याती. जिथे एक बोल्ट पुरेल तिथे तो दोन लावतो. आठ दिवसांनी त्यानं मोटर परत दिली. झटक्यात सुरू होत होती, आवाजही गोड. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि तो एवढा लाजला की तिथले कारागीर काम सोडून बघत राहिले.

तपासणीच्या सहा दिवस आधी, मंगळवारी सकाळी, बाई टिटवी घेऊन चाचणीला निघाल्या. धरणात बुडालेल्या शेतांमधली बाभळीची खोडं अजून पाण्याखाली उभी आहेत. फाल्गुनात पाणी उतरतं आणि ती पृष्ठभागाखाली जेमतेम हातभर राहतात, दिसत मात्र नाहीत. मोटर अशा खोडाला थडकणं हे बाईंना नवीन नव्हतं. वर्षातून चार-पाचदा व्हायचंच. त्यावर उपाय होता. पाण्यात फिरणारा पंखा मोटरीच्या दांड्यावर एका करंगळीच्या पेराएवढ्या पितळी पिनेनं अडकवलेला असतो. पंखा आपटला की पिन तुटते, पंखा मोकळा होतो, बाकीचं सगळं शाबूत राहतं. मग मोटर वर उचलायची, नवी पिन घालायची आणि पुढे जायचं. पाच मिनिटांचं काम.

या वेळी खोड लागलं तेव्हा तुटल्याचा तो ओळखीचा बारीक कट् आवाज आलाच नाही. धाडकन हादरा बसला, फळी करकरली, आणि मोटर थरथरत बंद पडली. उचलून पाहिलं तर पंख्याचं एक पातं गायब आणि दांडा वाकलेला. पिन मात्र जागच्या जागी, चकचकीत, पोलादी.

"याडी, आज तं कोनाचं काही खरं नाही," काठावरून त्यांचा चेहरा बघूनच भावसिंग पुटपुटला.

शीड लावून बाई परत आल्या, मोटर गाडीत टाकली आणि तशाच चिखलाच्या पायांनी लोहाऱ्याला पोचल्या.

"मारोती! ही पिन कोणी घातली?"

"म्याच घातली बाई." त्याचा चेहरा खुलला. "पाह्यली ना? हाय टेन्साइल बोल्टातून काढली. आता वीस वर्ष पाह्यचं काम नाही. आंधीची पार कच्ची होती जी. पितळेची! कोनं फसवलं तुमाले?"

बाईंनी मोटर त्याच्या टेबलावर आदळली. वाकलेला दांडा बघून त्याचं हसू मावळलं.

"आणि सोबत दिली होती ती डबी? त्यात अकरा पिना होत्या."

"त्याबी तशाच होत्या, नरम. भंगारात फेकून देल्ल्या."

शेजारच्या कारागिरानं लेथ बंद केली.

"फेकल्या?" बाईंचा आवाज चढला, आणि चढता चढता शहरी मराठी मागेच राहिली. "काहून रे फेकल्या? कोनाले विचारून फेकल्या? तुले डोकं आहे का खोकं?"

त्या पिना चारुदत्तरावांच्या होत्या. दर हिवाळ्यात ते मागच्या दाराच्या पायरीवर बसून पितळेची सळी शिकंज्यात धरून कापायचे, कानशीनं घासायचे, अंगठ्यावर फिरवून बघायचे आणि बामाच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. "तू खोडावर आपटणार, हे मला माहीत आहे," एवढंच म्हणायचे. कधी म्हणाले नाहीत की जाऊ नकोस. पाण्याला भिणाऱ्या त्या माणसाचं बोटीत जे काही होतं ते त्या डबीत होतं. लोक अख्ख्या बोटीला साहेबांची आठवण म्हणत आले, आणि खरी आठवण एका माणसानं नरम आहे म्हणून भंगारात टाकली. बाईंना रडू आलं नाही, संताप आला. तो बरा वाटत होता, म्हणून त्यांनी तो येऊ दिला.

"ती पिन तुटण्यासाठीच असते, गाढवा! ती तुटली म्हणून मोटर वाचते. तुला मी आठवीत फ्यूज शिकवला नव्हता? फ्यूज कशासाठी असतो, सांग! सगळ्यांसमोर सांग!"

मारोती खाली मान घालून हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"शिकवला होता बाई," तो म्हणाला. "तुमी असंच विचारलं होतं, सगळ्याइसमोर. म्या म्हटलं, उडायले असते. पोरं हासले. तुमीबी हासल्या. मंग म्हटलं, चावटपणा करतो काय, आन् मले अख्खा तास वर्गाच्या बाहेर उभं केलं. तवापासून मले वाटे, उडनं म्हनजे खराबी. घरी फ्यूजात म्या जाड तार टाकतो. हितं कोनाचं काही तुटून आलं तं दुप्पट मजबूत करून देतो. म्या तं चांगल्यासाठीच केलं बाई."

पुस्तकातलं उत्तर होतं, विद्युत उपकरणांचे संरक्षण करण्यासाठी. तेच तेव्हा बाईंना हवं होतं. हिरव्या रंगाची खिडकी, तिसऱ्या बाकावरचं ते सुकलेलं पोर, आणि वर्गाबरोबर हसलेला आपला स्वतःचा आवाज त्यांना आठवला. उत्तर बरोबर होतं. पुस्तकापेक्षा बरोबर होतं. एकतीस वर्षं ज्या बाईंनी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं गोल केल्या, त्यांना ही चूक आता कुठे गोल करावी ते सुचेना. आणि असं काही सुचेनासं झालं की त्या जे करायच्या तेच त्यांनी केलं.

"सोमवारी सकाळी आठला मोटर धरणावर पाहिजे," त्या ओरडल्या. "आणि तू स्वतः घेऊन यायचं!" मग त्या निघून गेल्या.

ते चार-पाच दिवस बाईंनी घरात भांडी आपटून काढले. आधी मारोतीचा राग, मग कचेरीचा, मग साहेब विचारणाऱ्या यच्चयावत लोकांचा, असा फेरा पूर्ण करून राग दरवेळी आठवीच्या वर्गाच्या दाराशी येऊन थांबायचा. तिथे मात्र दुसरं कोणी सापडत नव्हतं.

सोमवारी मारोती आठच्या आधीच हजर होता. दांडा लेथवर धरून त्यानं सरळ केला होता, तुटलेल्या पात्याच्या जागी ॲल्युमिनियमचा नवा तुकडा वेल्डिंग करून, घासून, उरलेल्या पात्यांच्या वजनाला आणला होता. मग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत तीन पितळी पिना होत्या.

"भंगारवाल्याकडचा ढीग पाह्यला. लोहचुंबक फिरवून उपयोग नव्हता, पितळ चिकटतच नाही. हातानं निवडला बाई, तीन दिवस. बाकीच्या नाही भेटल्या." त्याच्या दहाही बोटांना बारीक कापल्याच्या खुणा होत्या.

बाईंनी पुडी घेतली. त्यांनी एक पिन पंख्यात बसवली आणि दोन लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवल्या.

तपासणीला रजत नावाचा अठ्ठावीस-तीस वर्षांचा अधिकारी आला होता, सोबत दोन कर्मचारी. पोरगा मवाळ होता, पण छापील कागदाच्या बाहेर एक पाऊल टाकायला तयार नव्हता.

"चालवणार कोण? हे काका का?" त्यानं भावसिंगकडे बघून विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"अच्छा. बोटीत दोन माणसं लागतील मॅडम, नियम आहे."

"मारोती, बस," बाई म्हणाल्या. मारोतीला पोहता येत नव्हतं. बोटीत तर तो जन्मात बसला नव्हता. पण त्या आवाजाला नाही म्हणायची त्याला सवयही नव्हती. तो बसला आणि दोन्ही हातांनी फळी गच्च धरून डोळे मिटून राहिला.

जाताना सगळं ठीक झालं. पांढऱ्या खांबाला वळसा घालून टिटवी परत फिरली, काठ शंभर हातांवर आला, आणि खालून एक बारीक आवाज आला. कट्. मोटर जोरात घुमायला लागली आणि बोट जागेवर उभी राहिली.

काठावर रजतनं घड्याळ पाहून कागदावर काहीतरी लिहिलं. पाठीमागून छान वारा होता. शीड उघडलं असतं तर टिटवी दोन मिनिटांत काठाला लागली असती, पण कागदाला शीड चालत नव्हतं. बाईंनी दात-ओठ खाल्ले, मोटर बंद करून वर उचलली, पंखा उतरवला, तुटलेले दोन तुकडे काढले आणि दुसरी पिन आत सरकवली. चारुदत्तरावांची कानस एवढी चोख होती की ती बोटाच्या नुसत्या दाबानं बसली. मारोतीनं डोळे उघडले होते. भीती विसरून तो वाकून बघत होता.

"बस? एवढंच?" तो म्हणाला. "आन् म्या ते थांबवाले निंगालो होतो."

चार मिनिटांत मोटर पुन्हा सुरू झाली आणि टिटवी मोटरीवरच काठाला लागली.

"मधे मोटर बिघडली होती ना मॅडम?" रजत म्हणाला. "मग मला तसा शेरा मारावा लागेल."

बाईंनी छाती भरून श्वास घेतला. भावसिंग दोन पावलं मागे सरकला. पण बोलला मारोती. बोटीतून उतरत, ओल्या पँटसकट तो मधे उभा राहिला.

"बिघडली नाही साहेब. पिन तुटली. ते तुटायलेच असते."

दोन्ही कर्मचारी फिसकन हसले. रजतलाही हसू आलं. आणि मारोतीची मान तशीच खाली गेली, तीस वर्षांपूर्वी गेली होती तशी.

"हसू नका!" बाई कडाडल्या. सगळ्यांचं हसू जागच्या जागी विरलं. "उत्तर बरोबर आहे. याच्याइतकं बरोबर उत्तर मला कोणी दिलं नाही." मग त्यांनी रजतला तुटलेले तुकडे हातात देऊन सगळं समजावलं, पिन नरम का, तुटली नाही तर काय मोडतं, आणि मंगळवारी पोलादी पिनेनं काय मोडलं होतं. "मोटर बिघडली असती तर मी तिच्यावरच परत आले असते का? आता लिही काय लिहायचं ते."

रजतनं तुकडे बोटांत फिरवून पाहिले. मग आधीचं वाक्य खोडलं आणि सही केली. अर्जदार या शब्दापुढे 'वारस' असं छापलेलं होतं. बाईंनी त्याचंच पेन घेऊन तेही खोडलं, वर 'मालक व चालक' लिहिलं आणि स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

"छापील नमुना आहे मॅडम," तो कळवळून म्हणाला.

"मग छापणाऱ्याला कळव."

जीप धुरळा उडवत गेली. बाईंनी मोटर काढून भावसिंगच्या हवाली केली आणि शीड चढवलं. वारा अजून होता. मारोती काठावरच चपला हातात घेऊन उभा होता, जावं की थांबावं हे न कळल्यासारखा.

खिशातली तिसरी पिन काढून बाईंनी त्याच्या हातावर ठेवली. "हिच्यावरून दहा करून दे. पितळेच्याच. मजबूत करायला जाऊ नकोस." मग त्या म्हणाल्या, "मारोती, त्या दिवशी तुझं बरोबर होतं. मी उगाच तुला बाहेर उभं केलं. चुकलं माझं."

मारोतीनं पिन मुठीत घट्ट धरली. तो पाण्याकडे बघत राहिला, मग बोटीकडे, आणि मग आठवीतल्या पोरासारखा दोन्ही पाय जुळवून उभा राहिला.

"आत येऊ का बाई?"

"ये," बाई म्हणाल्या, आणि सरकून त्याला जागा करून दिली.